थांबलेले डाग

माझं काम सांगायला सोपं आहे. मी घरात बसून समुद्र बघते. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्र दिसत नाही. शेजारच्या मेस्त्रींचा फणस आणि त्यांच्या वाळत घातलेल्या चादरी दिसतात. तरीही चौदा होड्यांवरचे चाळीसएक पुरुष, ज्यांचा जन्म पाण्यावर गेला, ते सकाळी बंदरातून निघताना मला विचारतात की मासा कुठे आहे. पहिल्या वर्षी मला याचा फार अभिमान वाटायचा. आता जे सांगणार आहे ते त्या अभिमानाबद्दलच आहे, आणि त्यात माझं कौतुक फारसं नाही.

आमचं सावडबंदर मालवणच्या उत्तरेला. दोन हजार सदतीस सालच्या वादळात मोबाइलचा टॉवर आडवा झाला, तो पुन्हा उभा करायला कोणी आलं नाही. मग गावाने उपग्रहाच्या थाळ्या घेतल्या. वस्तू चौकोनी आणि चपटी, पोळपाटाएवढी. तिला थाळी का म्हणतात ते विचारू नये, सगळे म्हणतात. तिचे दोन प्रकार. एक घरची, कौलावर नाहीतर खांबावर पक्की आवळलेली. दुसरी फिरती, होडीच्या काठीवर बसवायची. होडी कितीही डुलली तरी ती आकाशातला उपग्रह सोडत नाही. माझा नवरा साईनाथ बारा वाव खोल पाण्यात जाळं टाकून क्रिकेट बघायचा आणि मी त्याला तिथे फोन करून येताना नारळ आण म्हणून सांगायची. एवढाच त्या थाळ्यांचा उपयोग होता.

मग डॉ. इरावती दामले आल्या. समुद्राचा अभ्यास करणाऱ्या बाई, पायांत पुरुषी बूट, आणि चहा अजिबात न पिणाऱ्या. त्यांनी आमच्या ओसरीवर बसून जे समजावलं ते मला पहिल्याच फटक्यात कळलं, म्हणून तर हे काम माझ्याकडे आलं.

आकाशात साडेपाचशे किलोमीटरवर हजारो छोटे उपग्रह एकामागोमाग फिरत असतात आणि सतत खाली रेडिओलहरी सोडतात. थाळी त्या पकडते, त्यावर आपलं इंटरनेट चालतं. पण थाळीत येतात त्या थोड्याच. बाकीच्या समुद्रावर पडतात आणि उसळून परत जातात. पाणी खडबडीत असलं तर त्या चहूकडे विखुरतात. पाणी गुळगुळीत असलं तर आरशावर पडाव्यात तशा एका दिशेने उसळतात. आता बांगडा थव्याने वर आला की त्याच्या अंगाचं तेल पाण्यावर पसरतं. तो थर केसाएवढाही जाड नसतो, पण वाऱ्याने उठणाऱ्या बारीक लाटा तो दाबून टाकतो. होडी हाकणाऱ्या जुन्या तांडेलांना अशी जागा नजरेने कळायची, फार तर हाकेच्या अंतरावरून. होडीवरच्या थाळीला ती चार मैलांवरून कळू शकते.

अडचण एकच. होडी हलते. उसळलेली लहर वेडीवाकडी आली ती पाण्यामुळे की होडीमुळे, हे कळायला मार्ग नसतो. त्यासाठी तीच लहर, त्याच क्षणी, न हलणाऱ्या जागी पकडावी लागते, आणि मग दोन्ही शेजारी ठेवून फरक काढावा लागतो. आमचं घर सड्याच्या, म्हणजे खडकाळ माळाच्या, टोकाला, वर उघडं आकाश, खाली जांभा दगड. "घरची थाळी केसभर हलली तरी सगळ्या होड्या आंधळ्या होतील," इरावतीबाई म्हणाल्या. साईनाथने ती चिऱ्याच्या खांबावर आठ बोल्टांनी आवळली. चौदा फिरत्या थाळ्यांना जोडलेली ती एकच घरची थाळी. हिशेब माझ्या संगणकावर व्हायचा, पडद्यावर निळा समुद्र उमटायचा आणि त्यात मासे असतील तिथे फिकट डाग. होड्यांना मी सांगेन तेवढंच कळायचं.

महिनाभरात माझ्या लक्षात आलं की डाग दोन प्रकारचे आहेत. काही पळतात, होडी पोचेपर्यंत मैलभर पुढे गेलेले असतात. काही मात्र पहाटेपासून तासन्‌तास एका जागी थांबून राहतात, आणि पळत्या डागांपेक्षा ते जास्त गुळगुळीत, जास्त फिकट असतात. मी साईनाथला म्हटलं, पळत्यांच्या मागे कशाला लागता, थांबलेले पहिले धरा. तो गेला आणि होडी काठोकाठ भरून आला.

दुसऱ्या दिवशी यशवंततात्यांनी तो संघाचा नियमच करून टाकला. तात्या साईनाथचे काका आणि आमच्या मच्छीमार संघाचे अध्यक्ष. आमच्याकडे रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, जुनी रीत अशी, की जाळं ओढताना दोराला ज्याचा हात लागला त्याला माशांचा वाटा. तात्यांनी सभेत सांगितलं, "वैजूचो हात दोराक लागलो असा धरूचा." तेव्हापासून प्रत्येक होडीतून माझ्याकडे चार बांगडे यायचे. त्या हंगामात घरोघर गाबोळी होती, म्हणजे माशाच्या पोटातली अंडी; नराच्या पोटातल्या पांढऱ्या गोळ्यालाही आम्ही तेच म्हणतो. तळलेली गाबोळी, गाबोळीचं तिखलं. मेस्त्रींच्या मुलीच्या साखरपुड्याला तर पंगतीत वाढली. मी रस्त्याने जायची तर बायका वळून बघायच्या, आणि मला ते आवडायचं.

दुसऱ्या हंगामात डाग निम्मे झाले. तिसऱ्यात आठवड्याला दोन-तीन. कारणं सगळ्यांना पाठ होती. समुद्र तापलाय, रात्री दिव्यांच्या झोताने मासा गोळा करणाऱ्या लाइटवाल्या मोठ्या बोटी सगळं खरवडून नेतात, पाऊस वेळेवर पडत नाही. मीही हीच कारणं सांगायची. त्यातली एकही खोटी नव्हती, आणि म्हणूनच आम्ही चौथं कारण शोधलं नाही.

यंदा नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ सोडून होड्या बाहेर पडल्या आणि दहा दिवस जवळजवळ रिकाम्या आल्या. अकराव्या दिवशी साईनाथने अकरा बांगडे आणले. मी ते विळीवर घेतले. पहिल्यात गाबोळी. दुसऱ्यात गाबोळी. अकरांतल्या दहांत गाबोळी निघाली, आणि मी विळीवरच थांबले.

"खंय गावले हे?" मी विचारलं.

"तूच सांगललंस त्या डागार. ल्हानसो होतो, पण थांबललो."

मी हात धुतले आणि संगणकापुढे बसले. आमच्या होड्यांवरच्या पोरांना एक खोड आहे. मासळी होडीत पडली की तिचा फोटो काढून लगेच सगळ्यांना पाठवायचा, म्हणजे बाकीचे जळतात. तीन हंगामांचे ते फोटो माझ्याकडे जसेच्या तसे होते, आणि प्रत्येक डागाची नोंदही. मी एकेक फोटो मोठा करून माशांची पोटं बघत गेले. मासे कापण्यात आयुष्य गेलेल्या बाईला पोट बाहेरून कळतं. पळत्या डागांतले मासे सडपातळ होते. थांबलेल्या डागांतले, पहिल्या वर्षापासून आजपर्यंत, पोटाशी फुगलेले.

इरावतीबाईंना फोन लावला. त्या आता बंगळूरला असतात. मी सगळं सांगितलं.

"अंड्यात तेलाचा थेंब असतो," त्या म्हणाल्या. "म्हणून तर अंडं तरंगतं. मोठा थवा एका जागी अंडी सोडत असेल, तर पाण्यावरचा थर जास्त दाट होईल. आणि थवा अंडी सोडेपर्यंत हलणार नाही." मग त्या सावकाश म्हणाल्या, "वैजयंती, आम्ही माशांची पोटं कधी पाहिलीच नाहीत. आम्ही फक्त पाणी बघत होतो."

मी रोज दोन्ही बघत होते. सकाळी पडद्यावर पाणी, दुपारी विळीवर पोट. मधल्या वेळात भात शिजायचा, आणि या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना कधी भेटल्याच नाहीत. तीन वर्षं मी चाळीस पुरुषांना बोट दाखवून सांगत होते की जिथे मासा अंडी घालतोय तिथेच जा, त्यालाच आधी धरा. लाइटवाल्यांना मी शिव्या घालत होते, आणि त्यांना जे कधी जमलं नसतं ते मी चहाचा कप शेजारी ठेवून केलं होतं. मला फार लाज वाटली. आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी पहाटे पडद्यावर तो डाग उमटला. समुद्रातल्या गरुडखडप नावाच्या खडकाच्या पश्चिमेला, बारा वाव पाण्यात, मैल-दीड मैल रुंद. असा डाग मी दोन वर्षांत पाहिला नव्हता. तासभर बघत राहिले. तो हलला नाही. या किनाऱ्यावर जो काही बांगडा उरलाय तो बहुतेक सगळा तिथे एकत्र आला असावा असं मला वाटलं, आणि अजूनही वाटतं.

वायरलेसवर साईनाथचा आवाज आला. "वैजू, काय दिसता?"

"काय नाय," मी म्हटलं.

लग्नाला नऊ वर्षं झाली. साडी कितीची, डोकं दुखतंय का, असल्या लहानसहान थापा सगळ्याच घरांत चालतात. पण समुद्राबद्दल मी त्याच्याशी कधी खोटं बोलले नव्हते. होड्या मी दक्षिणेला पाठवल्या, डागापासून लांब. तिथे काही नव्हतं. दुसऱ्या दिवशीही तेच केलं आणि तिसऱ्या दिवशीही.

तिसऱ्या दिवशी दुपारी साईनाथ आला तो न जेवता सरळ संगणकापुढे बसला. होडीवरची थाळी बिघडली असावी अशी त्याला शंका होती, म्हणून त्याने मागच्या तीन दिवसांच्या नोंदी उघडल्या. मी चुलीपाशी होते. त्याने तीच नोंद पुन्हा उघडली तेव्हाच मला कळलं.

"ह्यो काय?" त्याचं बोट त्या फिकट भागावर होतं.

"डाग."

"कधीचो?"

"तीन दिस झाले."

"माका वाटला थाळी बिघडली. दोनदा खोलून पुसलंय. काल माका वाटला माझाच नशीब फुटला." त्याने आवाज चढवला नाही, आणि चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. "समुद्रान फशिवला तर मी काय बोलूचंय नाय. पण तू?"

मी त्याला सगळं सांगितलं. गाबोळी, फोटो, इरावतीबाई, तीन वर्षं. त्याने ऐकलं. मान्य केलं की नाही ते चेहऱ्यावरून कळलं नाही.

"ह्या पयल्या दिसाक कित्याक नाय सांगलंस?"

"सांगलंय असतंय तर तू जाळा घेवन गेलो असतस."

तो उठला. "संध्याकाळी मांगरात सगळ्यांका बोलवतंय. थंय तूच सांग. गावाक फसवून माझ्या घरात भात शिजूचो नाय."

मांगर म्हणजे बंदरावरची जाळी ठेवायची लांबोडी झोपडी. दिवस मावळायच्या आत सगळे जमले. मी उभी राहून सांगितलं; तीन दिवस खोटं बोलले तेही सांगितलं. थोडी कुजबुज झाली. मागून कोणीतरी म्हणालं की वाटा मात्र बरोबर घेत होती. मी ते ऐकून घेतलं, कारण खरंच होतं.

"डाग किती मोठो?" तात्यांनी विचारलं.

"मैल-दीड मैल."

यावर मांगरात जी शांतता झाली ती माझ्या बाजूची नव्हती.

मुबारकची होडी साईनाथच्या होडीशेजारी लागते. तो सरळ माणूस, मनात एक आणि ओठांवर एक असं त्याचं नसतं. तो म्हणाला, "वैनी, आमी नाय धरलंव तर लाइटवाले धरतले. मगे तुझी गाबोळी त्यांच्या बर्फात जातली."

"त्यांका दिसूचो नाय. ह्या किनाऱ्यार हिशेबाक जोडलली घरची थाळी एकच आसा, आनि ती आमच्या खांबार."

तात्या हळू आवाजात बोलतात, त्यामुळे त्यांचं सगळे ऐकतात. "वैजू, तुझी अक्कल आमका म्हायत आसा. पण चाळीस घरां दोन हंगाम अर्ध्या पोटी आसत. माझ्या मेव्हण्याची सून चार घरची भांडी घासता. ह्यो एक डाग धरूया. मगे तू म्हणशीत ता करूया."

"मगे करूक काय रवूचा नाय, तात्यांनू."

"थाळी संघाची आसा," ते म्हणाले. रागाने नाही, थकून. "सकाळी सात वाजता येवन आमच्या घराक हलवतंव. माझी सून शिकलली आसा, ती बघतली."

कोणी हात वर करायला सांगितले नाहीत, तशी गरजही नव्हती. मी साईनाथकडे बघितलं. तो जाळ्याच्या ढिगावर बसून पायांकडे बघत होता.

घरी आलो. तो पुढच्या खोलीत झोपला, मी आतल्या. पण मला झोपेची गरज नव्हती, मला पान्याची गरज होती, आणि तो कुठे असतो ते मला माहीत होतं.

पहाटे उजाडायच्या आधीच तो बंदरावर गेला. मी स्टूल घेऊन खांबाशी गेले आणि बोल्ट काढायला लागले. खाऱ्या वाऱ्याने ते गंजून गच्च बसले होते. सातवा निघाला तेव्हा तळहाताची साल गेली होती, आठव्याला मी पान्यावर पाय देऊन उभी राहिले. थाळी साईनाथच्या जुन्या लुंगीत गुंडाळली, तिची बॅटरी पिशवीत टाकली आणि जांभ्याच्या पायऱ्या उतरून खाली आले.

तो होडीची दोरी सोडत होता. इतर कोणी अजून आलं नव्हतं.

"ह्या काय?"

"थाळी. घरात रवली तर सात वाजता तात्या नेतले."

"मगे हंय कित्याक हाडलंस?"

"मी होडयेत येतंय. थाळी घेवन."

आमच्याकडे बायका मासे विकतात, सुकवतात, जाळी विणतात. होडीत चढत नाहीत. असा नियम कुठे लिहिलेला नाही, त्यामुळे तो मोडायचा कसा हेही कोणाला ठाऊक नाही. साईनाथने बंदराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"घरची थाळी पाण्यार गेली तर कोणाकच काय दिसाचा नाय," तो म्हणाला.

"म्हणानच. आज कोणाक दिसूक नको. फकत तुका दाखवतंय. जागा माझ्या डोक्यात आसा. जाळा घे, एकदा टाक, मगे काय करूचा ता तू ठरव. तू म्हणलंस धरूया, तर मी वायरलेसवर सगळ्यांका जागा सांगतंय. शब्द देतंय."

हे मी मनापासून म्हटलं. रात्रभर विचार करून मला एवढंच कळलं होतं, की ज्याला फसवलं त्यालाच आधी पटवायला हवं, गावाचं नंतर.

त्याने थाळी घेतली नाही, हात पुढे केला. मी तो धरून चढले.

बॅटरीवरच्या इंजिनाला आवाज फार नसतो. अर्ध्या तासाने गरुडखडप उजवीकडे गेला, पलीकडे उन्हाची पहिली तिरीप पाण्यावर आली, आणि मी पडद्यावर तीन वर्षं बघत होते ते पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं. वारा सगळीकडे सारखा होता. आमच्या मागे पाणी बारीक लाटांनी शहारलेलं होतं, आणि पुढे, एका रेषेपासून पलीकडे, तेलाचा हात फिरवलेल्या तव्यासारखं गुळगुळीत. साईनाथने इंजिन बंद केलं. खाली, पाण्याच्या आत, सगळं हलत होतं. एवढा मासा मी बाजारातही कधी एकत्र पाहिला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही.

"आई गे," साईनाथ हळूच म्हणाला.

त्याने वेढ्याचं जाळं सोडलं. एकट्याचं काम नव्हतं, दुसरं टोक मी धरलं. होडी गोल फिरवून त्याने वेढा बंद केला आणि दोन्ही टोकं होडीला बांधली. नुसत्या त्या एका वेढ्यात आमचं वर्ष निघालं असतं. त्याने हातजाळं बुडवून दहा-बारा बांगडे वर काढले आणि फळीवर ओतले.

मी कोयती घेतली. पहिला कापला. गाबोळी इतकी पिकलेली होती, की बोट लागताच सुटी होऊन फळीवर वाहिली. दुसरा कापला, तिसरा कापला. चौथ्याला त्याने माझ्या हातातून कोयती घेतली आणि स्वतः कापायला लागला. प्रत्येक पोट उघडून तो थांबायचा, अंगठ्याने आत बघायचा आणि पुढचा घ्यायचा. आठव्यानंतर त्याने कोयती खाली ठेवली.

"सगळ्यांत?"

"सगळ्यांत."

"पयल्या वर्सा आमी चौदा होडी भरून..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. त्या वर्षी सगळ्यात मोठा वेढा त्यानेच टाकला होता, आणि त्याचा फोटो अजून आमच्या भिंतीवर आहे.

तेवढ्यात वायरलेसवर गलका सुरू झाला. तात्यांना रिकामा खांब सापडला होता. कोण म्हणत होतं वैजू पळाली, कोण म्हणत होतं साईनाथ एकटाच डाग मारायला गेला. होड्या निघाल्या होत्या. उजेड पडल्यावर आमची होडी लपणार नव्हतीच. थोड्या वेळाने पूर्वेला एकेक करून ठिपके दिसायला लागले, सगळे आमच्याच दिशेने.

साईनाथ उठला. तो होडीच्या कडेला गेला आणि वेढ्याचं एक टोक सोडलं. दोर सुटला, जाळं उघडलं, आणि आत कोंडलेलं सगळं एकदम बाहेर वाहायला लागलं. होडी खालून थरथरत होती. मग त्याने वायरलेस उचलला.

"तात्यांनू, साईनाथ बोलतंय. डाग हंयच आसा, मी त्याच्यारच उबो आसंय. वेढो टाकललंय. आठ बांगडे कापून बघलंय, आठांत गाबोळी. वेढो सोडून दिलंय. वैजू खरा बोलली. आता तुमी येवा आनि तुमच्या हातान कापा, मगे काय करूचा ता करा. मी कोणाक अडवूचंय नाय."

होड्या येत राहिल्या. तो अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही. आम्ही त्यांना थांबवू शकत नव्हतो. तेरा होड्या, तेरा जाळी. मी थाळी मांडीवर घेऊन बसले होते, त्या वेळी तिचा काही उपयोग नव्हता.

तात्यांची होडी पहिली पोचली. त्यांनी ती आमच्या होडीला भिडवली आणि फळीवर उरलेले बांगडे मागितले. साईनाथने चार दिले. तात्यांनी कापले नाहीत. एकेक हातात घेऊन पोटावर अंगठा दाबला आणि खाली बघत राहिले. बाकीच्या होड्या भोवती येऊन थांबल्या. पाणी इतकं स्वच्छ होतं, की सगळे खालीच बघत होते.

"तीन वर्सां ह्या असा आमीच मारला?" तात्यांनी विचारलं. या वेळी ते साईनाथला नाही, मला विचारत होते.

"मी दाखवला, तुमी मारला," मी म्हटलं.

"किती दिस लागतले? अंडी घालून होवक?"

"पंधरा दिस तरी."

मुबारक मागून म्हणाला, "आनि पंधरा दिस आमी खावचा काय?"

"पळते डाग," मी म्हटलं. "त्यांच्यात गाबोळी नसता. मागे धावूचा लागतला, हाताक थोडे लागतले. पण लागतले."

"धाव मगे," तात्या मुबारकला म्हणाले. "पोट सुटला तुझा, जरा धाव." दोन-तीन जण हसले, आणि तेव्हा मला कळलं की जाळी आज पाण्यात जाणार नाहीत. एक होडी मात्र वळली आणि परत बंदराकडे गेली. ती माणसं अजून आमच्याशी बोलत नाहीत.

तात्यांनी चारही बांगडे पाण्यात सोडले. ते मेलेलेच होते, पण सोडले. मग ते हिशेबाला लागले. "चौदा होडी. रोज एका होडयेन हंय रवूचा, लाइटवालो इलो तर आडवा जावचा आनि सगळ्यांका बोलवूचा. पंधरा दिस. चौदा होडी नाय, तेरा धरा. दोन दिस कमी पडतत." त्यांनी नाक चोळलं. "ते दोन माझे. आनि माझ्या पाळयेचो दिस आजच, म्हणजे माझे तीन. तुमी जावा. वैजू, थाळी घराक ने आनि आवळ. डाग खंय सरकता ता माका सांगूक कोण तरी व्हया. संध्याकाळपर्यंत मी हंय आंधळो बसूचंय नाय."

होडी वळवून आम्ही परत निघालो. साईनाथ सुकाणूवर होता. माझा तळहात झोंबत होता, खाऱ्या पाण्याने जास्तच. गरुडखडप मागे पडला तेव्हा तो बोलला.

"तीन दिस तू माका खोटा सांगलंस."

"सांगलंय."

"माका तेचो राग आसा. अजून आसा."

"माका म्हायत आसा."

त्याने किनाऱ्याकडे बघितलं, तिथे सड्याच्या टोकाला आमचा रिकामा खांब उभा होता.

"पयल्या दिसाक तू खरा सांगलंस असतंस," तो म्हणाला, "तर मी ऐकलंय नसतंय."